उष्टी बाटली

टण्ण!

चमचा वाटीवर आपटला आणि स्वयंपाकघरात मघापासून साचलेली शांतता तडकली.

“आई, दूध गार झालं. तुझं फोनशी लग्न लागलंय का?”

वाक्य बाबांचं, तोंड तेवढं खारूताईचं. खारूताई म्हणजे तिची लेक. एकच घास गालात साठवून अख्खी सकाळ बसून राहायची कला अंगात असल्यामुळे हे नाव पडलेलं, आणि शाळेतल्या नावापेक्षा घट्ट चिकटलेलं.

तिनं दुधाची वाटी उचलली आणि गरम न करताच पुन्हा खाली ठेवली. ओट्याला टेकून ती फोनवरचा तोच निकाल पुन्हा वाचायला लागली. वाचून काही बदलणार नव्हतं. पण बंद खिडकीवर माशी आपटत राहावी तसे डोळे त्याच ओळीवर जाऊन आपटत होते. नमुना गोगलगायीचा नाही. नमुना बकासुराचा आहे.

“काय झालं गं?” खारूताईच्या बुटाची नाडी बांधता बांधता नवऱ्यानं मान वर केली.

“वाट लागली.”

“कुणाची?”

“सगळ्यांचीच. आणि माझं डोकं असं फिरलंय ना, आज प्रयोगशाळेत कुणाचा तरी मुडदा पडणार आहे.”

“मुडदा म्हणजे?” खारूताईनं कान टवकारले.

“पडदा. पडदा म्हणाली ती,” बाबांनी सारवासारव केली.

खारूताईचा काही विश्वास बसला नाही. तिनं अर्धं बिस्कीट खाल्लं, उरलेलं नीट न्याहाळलं आणि आईच्या पर्समध्ये कोंबलं. “हे गोगलगायीला. काल जेवली का ती?”

हा रोजचा प्रश्न. रोज संध्याकाळी दारातच विचारला जायचा, आणि ती चप्पल काढता काढता उत्तर द्यायची, “जेवली हं, पोटभर जेवली.” आज तिनं लेकीच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला आणि पायऱ्या उतरायला लागली.

गोगलगाय खारूताईला वाटायची तशी गोगलगाय नव्हती. ती एक मुलगी होती.

लहान मुलांच्या कॅन्सरवर संशोधन करणारी ती प्रयोगशाळा मोठ्या इस्पितळाच्या पाठीमागे होती. वर ऑपरेशन झालं की गाठीचा छोटासा तुकडा बर्फाच्या डब्यात घालून खाली यायचा. त्यातल्या पेशी चपट्या बाटल्यांत ठेवायच्या, उबदार कपाटात जपायच्या, दिवसाआड त्यांना लाल सरबतासारखा खाऊ घालायचा, आणि जगल्या-वाढल्या तर त्यांच्यावर औषधं लावून बघायची. मुलाच्या अंगावर प्रयोग करण्यापेक्षा बाटलीवर केलेला बरा, एवढा साधा हिशोब. बाटलीवर मुलाचं खरं नाव लिहायला बंदी होती. म्हणून डबा आणायला ती वर गेली की ज्याचं त्याला विचारायची, “तुझं आमच्याकडचं नाव काय ठेवू?”

ती मुलगी म्हणाली होती, “गोगलगाय. मी हल्ली हळू चालते ना.” मग थोडं थांबून, “पण पोचते.”

गेल्या थंडीत गोगलगाय गेली. खाली तिच्या पेशी राहिल्या. त्याही तिच्यासारख्याच. इतक्या हळू वाढायच्या की बघणाऱ्याच्या तोंडाला फेस यावा. मधल्या सुट्टीत मुली डोक्याला डोकं लावून कुजबुजतात तशा घोळक्याघोळक्यानं बसायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली तिनं त्या इतक्या वेळा पाहिल्या होत्या की गर्दीतून पोटच्या पोरीची पाठ ओळखावी तशा ओळखल्या असत्या.

आणि बकासूर? तो कुणा मुलाचा नव्हे. बाहेरून विकत आणलेल्या, कुठल्याशा मोठ्या माणसाच्या पेशी, नवशिक्यांना हात बसवायला ठेवलेल्या. टाकाल ते खायच्या, ठेवाल तिथं फोफावायच्या. बाटलीच्या काठापर्यंत हातपाय पसरून मोकळ्या.

उन्हाळ्यात गोगलगायीच्या पेशी एकाएकी वाढायला लागल्या. भराभर. घोळके मोडले, बाटल्या भरल्या. प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, म्हणाले, “पोचली बघा आपली पोर!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिच्या मनात मात्र तेव्हापासून कुसळ सलत राहिलं. ती म्हणाली, “सर, ह्यांचा चेहरा बदललाय.” सर हसले. “वयात आल्या असतील.” मग त्या पेशींवर एक जुनं औषध लावलं, दुसऱ्याच कुठल्या आजारावरचं, आणि पेशी पटापट मेल्या. एवढ्या वर्षांत त्या जातीच्या गाठीच्या पेशी कशालाच मेल्या नव्हत्या. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिनं स्वतः पाहिलं होतं. पण कुसळ काही निघेना. “कशाला उगाच” असं सर म्हणत असताना तिनं त्यांना न जुमानता नमुना ओळख-चाचणीला पाठवला, गोगलगायीच्या जपून ठेवलेल्या रक्ताशी ताडून बघायला.

आणि आज दुपारी तेच औषध इंजिनाला द्यायचं होतं.

इंजिन म्हणजे वरच्या मजल्यावरचा पोरगा. गोगलगायीची होती तीच गाठ. त्याच्या स्वतःच्या पेशी बाटलीत रुजल्याच नव्हत्या, म्हणून त्याची सगळी भिस्त गोगलगायीवर. औषध जहाल होतं. कान जाऊ शकत होते, हृदय दमू शकत होतं. पण गोगलगायीच्या पेशी मेल्या ना त्यानं, असं म्हणून सगळ्यांनी मान डोलावली होती.

रस्ताभर तिच्या तळपायाची आग मस्तकात जात राहिली. सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्यानं उगाच हॉर्न वाजवला तर तिनं काचेतून त्याच्याकडे असं काही बघितलं की त्यानं हात जोडले.

प्रयोगशाळेच्या दारातच रेडिओ भेटली. रेडिओ ही तिची सहकारी, वयानं लहान, जिभेनं मोठी. सकाळी सुरू झाली की संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत चालू.

“ताई, तुमचं तोंड बघून मला वाटतं मी आज रजा टाकावी.”

“गोगलगाय बकासूर निघाली.”

रेडिओ बंद पडली. हे असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

“म्हणजे… म्हणजे सगळ्या बाटल्या?”

“उन्हाळ्यापासूनच्या सगळ्या. आपण गोगलगायीच्या ताटावर बकासुराला जेवायला घालत होतो. रोज. हातानं. लाडानं.” शेवटच्या शब्दाला तिचा आवाज चिरकला. तिला स्वतःचाच राग आला, कारण तिला रडायचं नव्हतं, भांडायचं होतं. “बकासूर तिच्यात शिरला कधी? कसा शिरला? आपण दोघी कधी उष्टं वापरलंय?”

उष्टं. हा त्यांच्या खोलीतला शब्द. ज्या बाटलीतला खाऊ एकाच्या पेशींना वाढला, ती बाटली त्याची झाली, उष्टी झाली. तिच्यातला थेंब दुसऱ्याला द्यायचा नाही. कारण वाढता वाढता खाऊ वाढायच्या नळीच्या, म्हणजे पिपेटच्या, टोकाला चिकटून एखादी पेशी बाटलीत उतरते, आणि तिथून पुढच्याच्या घरात. ती पेशी बकासुराची असली तर मग घर त्याचंच. शास्त्रात याला जिभेला गाठ मारणारा शब्द आहे. रेडिओनं मात्र काम करायच्या काचेच्या पेटीवर पट्टी चिकटवली होती, ‘उष्टं चालणार नाही’. नवशिके आधी हसायचे, मग कायमचे लक्षात ठेवायचे.

“आपण? जीव गेला तरी नाही,” रेडिओ म्हणाली. मग तिची नजर हिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे गेली आणि तिथंच अडकली. “ताई…”

ती वळली.

भिंतीवर फोटो होता. गेल्या उन्हाळ्यात इस्पितळाच्या वार्षिक अंकासाठी काढलेला, मोठा करून चौकटीत बसवलेला. सर पांढऱ्या कोटात, पेटीसमोर बसलेले, हातात पिपेट, चेहऱ्यावर जगाचं कल्याण. कित्येक वर्षांत सरांनी पेटीला हात लावला नव्हता, पण फोटोला हातात काहीतरी हवं. समोर दोन चपट्या बाटल्या, दोन्हींची झाकणं उघडी. एकीवर हिरवी पट्टी, ती गोगलगायीची. दुसरीवर लाल, बकासुराची. आणि दोन्हींच्या मधोमध, प्रकाशात माणकासारखी झगमगणारी, खाऊची एकच भरलेली बाटली.

एकच.

त्या फोटोखालून त्या दोघी रोज जात होत्या. चहाचे कप घेऊन, गप्पा मारत. पाहुणे यायचे, थांबायचे, वा म्हणायचे.

तिनं चौकट खिळ्यावरून उतरवली. मागची धूळ कोटाला लागली.

“ताई, जपून बोला हां,” रेडिओ मागून पुटपुटली. “नाहीतर नकोच जपून.”

आपल्या खोलीत सर चष्मा पुसत होते. सर वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत. गोगलगाय शेवटी शेवटी चालेनाशी झाली तेव्हा तिला खांद्यावर बसवून याच सरांनी अख्खी प्रयोगशाळा दाखवली होती, आणि “उजवीकडे वळा, गोगलगायीच्या शंखा!” असे तिचे हुकूम ऐकले होते. वाईट माणसावर चिडणं सोपं असतं.

“सर, गोगलगाय गेली.”

“हो गं,” सर हळूच म्हणाले. “वर्ष होत आलं.”

“तशी नाही. आता गेली. आपण घालवली.”

तिनं निकाल सांगितला. सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू ऐकायला तो लागतो.

“चाचणीत घोळ असेल. नमुने बदलतात तिकडे.”

“दोनदा पाठवले होते. दोन्ही वेळा बकासूर.”

“बस आधी.”

“बसत नाही.” तिनं चौकट टेबलावर ठेवली. त्यांच्या पेनांवर, त्यांच्या भाषणाच्या कागदांवर. “खाऊच्या बाटल्या किती दिसतायत सर?”

सरांनी फोटोकडे पाहिलं. आधी माणूस स्वतःकडे बघतो तसं बघितलं. मग खाली बघितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला तो तिला दिसत होता, आणि तिला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

“गोगलगायीच्या खाऊची बाटली तळाला गेली होती, भरलेली होती ती बकासुराची,” सर म्हणाले. “तो फोटोवाला म्हणाला, रिकामी चांगली दिसत नाही. ही भरलेली घ्या, लाल रंग छान येतो…”

“फोटोवाल्याला माफ आहे सर. त्याला पेशीतलं काय कळतंय? तुम्ही आम्हाला शिकवलंत. माझ्या पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातातून बाटली काढून घेतली होती आणि म्हणाला होतात, एका पोराचं दुसऱ्याला द्यायचं नाही. तुम्ही!”

“अगं, एक थेंब…”

“बकासुराला एक थेंब पुरतो.”

बाहेर रेडिओच्या हातातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. ऐकत होती, अर्थातच.

“दुपारी इंजिनाला औषध लागणार आहे,” ती म्हणाली.

“थांब. घाई करू नकोस.” सरांनी तळवे टेबलावर टेकवले. “ते औषध तरीही लागू पडू शकतं.”

“लॉटरीपण लागू शकते.”

“त्या पोराकडे दुसरं काय आहे? सांग ना मला. तू वर जाणार आणि त्याच्या आईला काय सांगणार? की आमच्याकडे काही नाही? हे ऐकून तिला काय मिळणार?”

हा प्रश्न लबाडीचा नव्हता. सर खरंच विचारत होते. आणि म्हणूनच तिच्या अंगाचा आणखी तिळपापड झाला.

“त्याचे कान मिळतील,” ती म्हणाली. “जे काही दिवस आहेत त्यात त्याला तिचा आवाज ऐकू येईल. तेवढंच. पण ते तिचं आहे. तुमचा अंदाज खरा ठरतो का बघायला आपण ते खर्च करायचं नाही.”

सरांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. मग म्हणाले, “मी फोन करतो वर. चूक माझी आहे, मी सांगतो. तू आत्ता रागात आहेस.”

“रागातच आहे. राग उतरला की मीपण तुमच्यासारखी समजूतदार होईन. म्हणून आत्ताच जाते.”

बाहेर रेडिओ फुटलेल्या काचा गोळा करत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “तिच्या पेशींच्या अगदी पहिल्या नळ्या आहेत ना? फोटोच्या आधी गोठवलेल्या?”

“आहेत थोड्या. एक काढ. उठव तिला.”

“उठेल?”

“उठली तर हळूच उठेल. महिने घेईल.” तिनं कोटाच्या बाह्या खाली केल्या. “खाऊची नवी बाटली फोड. आणि त्यातला थेंब दुसऱ्या कुणाला गेला तर तुझी खैर नाही.”

“ताई, मी झोपेतही तिच्यावर पहारा देईन,” रेडिओ म्हणाली. आज पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात मस्करी नव्हती.

इस्पितळाच्या मागच्या जिन्यानं ती वर निघाली. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता. जिन्याच्या वळणावर दम लागला म्हणून थांबली आणि रुमाल काढायला पर्समध्ये हात घातला, तर हाताला अर्धं बिस्कीट लागलं. कडेला खारूताईच्या दातांची इवलीशी नक्षी. लेकीचं उष्टं तिनं आजवर किती खाल्लं असेल, कधी किळस वाटली नव्हती, उलट त्याशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही. तिथंच उभ्या उभ्या तिनं ते खाल्लं. गोगलगायीसाठी दिलेलं. मग तोंड पुसून उरलेला जिना चढली.

मुलांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. “सरांचा फोन आला होता आत्ता. बारीकशी शंका आहे म्हणाले. आम्ही औषध तयार करायला घेतलंय. देऊ का थांबवू? नीट काय ते सांगा.”

बारीकशी शंका! तिनं दात आवळले.

“शंका नाही, खात्री आहे. ज्या पेशी मेल्या त्या गोगलगायीच्या नव्हत्याच. थांबवा.”

डॉक्टरीणबाईंनी भिंतीला पाठ टेकली. “आणि हे आज कळतंय तुम्हाला? आज? मी त्या बाईला समोर बसवून एकेक धोका समजावलाय. तिनं रात्र रात्र विचार करून हो म्हटलंय.” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त लागलं. “चला. तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार.”

“मीच सांगणार आहे. त्यासाठीच आलेय.”

इंजिन खाटेखाली होता. सलाईनची नळी वरून खाली गेलेली, तिच्या टोकाला तो, आणि त्याच्या समोर औषधांच्या रिकाम्या खोक्यांची आगगाडी. खाटेवर त्याची आई त्याच्या धुतलेल्या टोप्यांच्या घड्या घालत होती. टोप्या बऱ्याच होत्या. केस नव्हते.

“या ना ताई,” ती म्हणाली. “आज गोगलगायीचं औषध आहे ना? मघापासून दहादा विचारून झालं त्याचं.”

हिनं सांगितलं. आडवळण घेतलं नाही, साखरेत घोळवलं नाही. एकाच्या खाऊच्या बाटलीतून दुसरीला वाढलं गेलं, तो पहिला दुसरीला खाऊन बसला, आणि आम्ही त्यालाच ती समजून औषध लावलं.

टोपीची घडी अर्ध्यावर थांबली.

“म्हणजे उष्टं झालं,” इंजिनाची आई म्हणाली.

“हो.”

“आणि ते औषध त्या पोरीच्या ह्याला लागू पडतं की नाही…”

“आम्हाला माहीत नाही.”

“मग तुम्हाला माहीत काय आहे?” ती एकदम उभी राहिली. टोप्या खाली सांडल्या. “मी ह्याच्या ताटातलं उरलेलं रोज खाते. पण माझ्या ताटातला घास ह्याला देत नाही. मागतो, हात धरून मागतो, तरी देत नाही. इन्फेक्शन होईल म्हणून तुम्हीच सांगितलंत ना? एवढे महिने मी माझ्या पोराला माझ्या हातचा उष्टा घास दिला नाही हो. आणि तुम्ही…”

ही तिच्यासमोर तशीच उभी राहिली. खाली मान घालावीशी वाटत होती, घातली नाही. ज्याचा राग होता त्याला तो कुणाच्या तरी तोंडावर काढता यायला हवा, आणि आत्ता समोर हिचंच तोंड होतं. खालच्या मजल्यावर सरांच्या टेबलाशी आपण ओरडलो तो राग आणि हा राग, दोन्ही एकाच चुलीवरचे, असं तिला वाटून गेलं. पण तिच्या स्वतःच्या रागाला संध्याकाळी घर होतं, दारात वाट बघणारी खारूताई होती. ह्या बाईच्या रागाला जायला जागाच नव्हती.

“तिच्या पहिल्या पेशी शिल्लक आहेत,” ती म्हणाली. “आज पुन्हा वाढवायला घेतल्यात. पण वेळ लागेल. तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.”

“नका दाखवू,” इंजिनाची आई म्हणाली, आणि सांडलेल्या टोप्या गोळा करायला खाली वाकली.

खाटेखालची आगगाडी मघाच थांबली होती. सलाईनची नळी हलली. आधी एक टक्कल बाहेर आलं, मग दोन डोळे. त्यांत राग नव्हता. रस्ता चुकलेल्या प्रवाशानं समोर दिसेल त्याला विचारावं, तसं त्यानं सरळ तिलाच विचारलं,

“गोगलगायीकडे नाही, तर मग माझं औषध कुणाकडे आहे?”